क्रीडावस्त्रांची वायुयामिकी

खेळाडूच्या अंगावरील कापडाचा पोत, ताण, शिवण व त्यातून हवा आरपार जाण्याची क्षमता यांमुळे हवेच्या विरोधात पडणारा फरक आणि त्याचा अभ्यास. सायकल शर्यत, बर्फावरील वेगवान स्केटिंग, स्की-उडी व कमी अंतराच्या धावण्याच्या शर्यती यांत हा फरक मोजण्याजोगा असतो. कबड्डी-खोखोत वेग कमी आणि दिशा सतत बदलती असल्याने त्याचा विचार सहसा होत नाही.

वायुरोध, म्हणजे हवेचा विरोध, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. सपाट रस्त्यावर शर्यतीच्या वेगाने जाणाऱ्या सायकलपटूला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे ९० टक्के विरोध हवेचा असतो आणि त्यातील बहुतांश सायकलीमुळे नव्हे, तर स्वाराच्या देहामुळे होतो.

कापड जितके गुळगुळीत तितके वेगवान, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. हात, मांडी, पोटरी हे वायुयामिकीच्या दृष्टीने ओबडधोबड दंडगोल होत. त्यांना चिकटून वाहणारा हवेचा पातळ सीमास्तर शांत, स्तरीय असेल तर तो पृष्ठभागापासून लवकर सुटतो आणि मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा उरतो. तोच सीमास्तर संक्षोभी, म्हणजे खळबळता, झाला तर तो अधिक काळ चिकटून राहतो, पट्टा अरुंद होतो आणि रोध एकदम उतरतो. गुस्ताव्ह आयफेल यांना गोलाच्या बाबतीत ही घट १९१२ मध्ये आढळली. लुटविक प्रांट्ल यांनी १९१४ मध्ये गोलाभोवती तारेचे बारीक कडे बसवून तिचे कारण दाखवून दिले. गुळगुळीत दंडगोलाचा रोधगुणांक (आकारामुळे हवेचा किती विरोध होतो याचे माप) रेनल्ड्स अंक (वेग व जाडी यांच्याबरोबर वाढणारी, प्रवाह शांत की संक्षोभी राहील हे दर्शवणारी संख्या) सुमारे २ ते ४ लाखांच्या दरम्यान असताना १.२ वरून ०.३ च्या आसपास येतो. सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूच्या १० सेंमी. जाडीच्या दंडाचा हा अंक मात्र जेमतेम १ लाख, १८ सेंमी. जाडीच्या मांडीचा १.८ लाख भरतो. म्हणजे उघडी, नितळ त्वचा या उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. खरखरीत विणीमुळे उंबरठा खाली येतो. गोल्फच्या चेंडूवरील खळग्यांचे कार्यही हेच. परंतु खरखरीतपणा गरजेपेक्षा जास्त झाला की रोध पुन्हा वाढू लागतो. त्यामुळे एकच कापड सर्वांगाला किंवा सर्व वेगांना चालत नाही. दंड व मांड्यांवर पोतदार आणि धडावर नितळ कापड अशी जोडणी करतात व शिवणी शक्यतो प्रवाहाच्या दिशेने ठेवतात. अंगावर ताणल्यावर वीण उघडते व पोत बदलतो, म्हणून टेबलावर पसरलेल्या कापडाच्या मोजमापावर विसंबता येत नाही. वातविवरातील (हवेचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातील) स्थिर पुतळ्यावरचे आकडेही हलत्या हातापायांना जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरते.

ताणले जाणारे इलॅस्टेन हे कृत्रिम सूत १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यू पाँ कंपनीत विकसित केले. अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख स्केटिंगमध्ये आणण्याचे श्रेय सामान्यतः स्वित्झर्लंडच्या फ्रान्झ क्रिनब्यूल यांना देतात. त्याचा काळ १९७० च्या दशकाचा मध्य असा ढोबळपणे धरणे सुरक्षित होय. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी ते १०,००० मीटर शर्यतीत आठवे आले.

१९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधील डच संघाच्या पट्ट्यांविषयी मतभेद आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधनावर आधारित नागमोडी पट्ट्या स्केटपटूंच्या पायांवर व टोपीवर लावल्या होत्या. जानी रोमे यांनी ५,००० व १०,००० मीटर शर्यती विश्वविक्रमासह जिंकल्या. तथापि टाच सुटी होणारे क्लॅप स्केटही त्याच सुमारास रूढ झाले होते. विक्रमांचे श्रेय मुख्यतः या स्केटना द्यावे आणि पट्ट्यांचा वाटा दुय्यम मानावा, हे अधिक ग्राह्य वाटते. २००० मध्ये सिडनीत कॅथी फ्रीमन यांनी टोपीसह सर्वांग झाकणाऱ्या पोशाखात ४०० मीटर शर्यत ४९.११ सेकंदांत जिंकली. तेथेही कापडाचा वाटा वेगळा काढता येत नाही. चेस्टर काइल व व्हिन्सेंट कायोझो यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे वायुरोध २ टक्के घटल्यास १०० मीटर शर्यतीत सुमारे ०.०१ सेकंद, म्हणजे १० सेंमी., लाभ होतो. उलट २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये अमेरिकी संघाने नवा पोशाख स्पर्धा चालू असतानाच सोडून जुना घातला, तरीही लांब धावपट्टीवरील स्केटिंगमध्ये त्याला एकही पदक मिळाले नाही.

२०१७ च्या टूर द फ्रान्समध्ये ड्यूसेलडॉर्फच्या वैयक्तिक वेळशर्यतीत (प्रत्येक स्वार एकेकटा घड्याळाविरुद्ध धावतो ती शर्यत) स्काय या सायकल संघाच्या पोशाखावरील उंचवट्यांवरून वाद झाला. पुढे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०१९ पासून कापडाच्या पृष्ठभागावरील उंच-सखलपणा १ मिमी. पर्यंत मर्यादित केला.

स्की-उडीत उद्दिष्ट उलटे असते. तेथे रोध घटवण्यापेक्षा उत्थापक, म्हणजे वर उचलून धरणारे, बल हवे असते, म्हणून सैल व हवा अडवणारा पोशाख फायद्याचा ठरतो. नियमानुसार १० मिमी. पाण्याच्या दाबाखाली दर चौरस मीटरमधून सेकंदाला किमान ४० लिटर हवा आरपार गेली पाहिजे. मार्च २०२५ मध्ये त्रोंडहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या पोशाखांच्या शिवणीत नियमबाह्य ताठ धागा आढळला व दोन खेळाडू बाद ठरले.