परस्पर-बांधिलकी : जैवनीतिशास्त्रातील तत्त्व (प्रॉटेस्टंट दृष्टिकोन)

दुसऱ्याचे आजारपण हा एकट्या त्याचा प्रश्न न मानता त्यातला खर्च, श्रम आणि जोखीम आपणही उचलणे, याला जैवनीतिशास्त्रात (वैद्यक आणि जीवनविज्ञानातल्या बऱ्या-वाईटाचा विचार करणाऱ्या शास्त्रात) परस्पर-बांधिलकी म्हणतात. टॉम बीचम व जेम्स चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या चार तत्त्वांत (स्वायत्तता, हितकारिता, अहित टाळणे, न्याय) तिला जागा नव्हती. युनेस्कोच्या २००५ च्या जैवनीतिविषयक जाहीरनाम्यात ती तेराव्या कलमात आली. २०११ मध्ये बार्बरा प्रेनसॅक आणि अलेना बाइक्स यांनी ब्रिटनच्या नफील्ड या जैवनीतिविषयक परिषदेसाठी तिची व्याख्या केली. ज्याच्यात आपल्याला आपले काही साम्य दिसते त्याच्यासाठी झळ सोसायची तयारी, हा त्या व्याख्येचा गाभा. प्रॉटेस्टंट विचाराचा मतभेद इथूनच सुरू होतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यात, वाटेत लुटून टाकलेल्या जखमीजवळ थांबतो तो शोमरोनी, म्हणजे यहुदी श्रोत्यांच्या लेखी परका आणि तिरस्काराचा धनी. साम्य आहे की नाही हे तपासत तो बसत नाही. शिवाय माणसाचा स्वीकार त्याच्या लायकीवर नव्हे, देवाच्या कृपेवर होतो, हा प्रॉटेस्टंट पंथ जिच्यातून निघाले त्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा मूळ सिद्धांत. मग उपचार वाटताना तरी लायकी कशी विचारायची? दारूने यकृत गेलेल्या माणसाबद्दल ‘स्वतःच ओढवून घेतलंय’ असे सहज बोलले जाते. त्याला कोणता उपचार लागू पडेल हे वैद्यकाने ठरवावे. पण त्या वाक्याच्या आधारे त्याला वाऱ्यावर सोडणे या दृष्टीला मान्य नाही.

ठाणे–वसई पट्ट्यात ख्रिस्ती म्हटले की पोर्तुगीज काळापासूनचा कॅथलिक समाज डोळ्यांपुढे येतो. ठाण्याच्या सेंट जेम्ससारख्या प्रॉटेस्टंट मंडळ्या संख्येने लहान. कॅथलिक सामाजिक शिकवणीत बांधिलकी हे अधिकृत तत्त्व आहे. प्रॉटेस्टंटांकडे असे शिकवणारे एक पीठ नाही, म्हणून इथे विवेक आणि शेजारप्रेम यांच्यातून वाट काढावी लागते. ख्रिस्ती माणूस कोणाचा अंकित नाही आणि तरीही सर्वांचा सेवक आहे, हे धर्मसुधारणेचा जर्मन प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये एका दमात म्हटले. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा तो तिथेच राहिला आणि त्याच्या घरात आजाऱ्यांची शुश्रूषा झाली. साथीतून पळावे का, या प्रश्नावरचे त्याचे उत्तर आजही वाचण्याजोगे आहे: ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी हलू नये, मागे शुश्रूषेला पुरेसे लोक असतील तर बाकीच्यांनी जायला हरकत नाही, आणि औषध घ्यावे, धुरी द्यावी, गरज नसेल तिथे जाऊ नये, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला रोग लागणार नाही.

या परंपरेवर एक काळा डागही आहे आणि तो लपवू नये. जर्मनीतल्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याला अनेक प्रॉटेस्टंट सेवासंस्थांनी साथ दिली. रुग्णांची वर्षानुवर्षे सेवा करणारे हात त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. जर्मन प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी ‘दुसऱ्याच्या जागी उभे राहणे’ ही कल्पना मांडली आणि असाध्य रुग्णांना मारण्याचा निषेध केला, तो याच काळात. १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली.

नवी मुंबईत हे तत्त्व कसे चालते ते खारघरला दिसते. टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या कर्करोग संस्थेत परगावचे रुग्ण येतात. केमोथेरपीत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरतात, आणि प्लेटलेट साधारण पाच दिवसांपलीकडे टिकत नसल्याने भरपूर साठा करून ठेवता येत नाही. कोणीतरी आज-उद्याच यावे लागते. दाता खुर्चीत बसतो, यंत्र रक्त घेते, प्लेटलेट बाजूला काढते आणि उरलेले रक्त शरीरात परत सोडते. तास-दीड तास जातो. पिशवी कोणाला लागली हे त्याला बहुधा कळतही नाही. बिहारहून आलेल्या, इथे एकही ओळखीचा नसलेल्या बापाला ‘डोनर आणा’ म्हणून सांगणे हे बांधिलकीच्या नेमके उलट आहे. रक्तपेढीत नियमाने जाणारे अनोळखी दातेच त्याला त्यातून सोडवतात.

पण सगळे स्वेच्छेवर सोडून भागत नाही. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार हमालाच्या मजुरीवर मालकाला लेव्ही (ठरावीक जादा वर्गणी) भरावी लागते. त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि वैद्यकीय सोयी चालतात. वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्यासाठी कोपरखैरण्यात माथाडींचे रुग्णालय आहे. ‘एकमेकांची ओझी वाहा’ असे सांगणाऱ्या प्रेषित पौलाच्या बायबलमधल्या पत्रात (गलतीकरांस पत्र ६:२) तीनच ओव्यांनंतर ‘प्रत्येकाने आपापला भार वाहावा’ असेही आहे. सक्तीच्या वर्गणीला विरोध करणारे प्रॉटेस्टंट दुसऱ्या ओळीचा आधार घेतात. प्रस्तुत लेखकाला तो अपुरा वाटतो: ती ओळ स्वतःचे आचरण तपासण्याच्या संदर्भात आली आहे, आजाऱ्याला एकटे सोडण्याची मुभा तिच्यात नाही. नाक्यावर रोज काम शोधणारा मजूर मात्र माथाडी मंडळाच्याही बाहेर राहतो, आणि त्याच्या आजारपणाचा भार कोणी उचलायचा हा प्रश्न उरतोच.