देवचाराला किती फ्रेम लागतात?

शहरी दंतकथेचं पोस्टर काढा आणि मग ते हलतं करा, असं काम गोव्यातल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना दिलं की बरीचशी मुलं राय गावातल्या भरदुपारी भूत दिसणाऱ्या बांधाकडे नाहीतर कासावलीच्या थ्री किंग्ज चॅपेलकडे वळतात. फोटो आयते मिळतात, वर थोडं धुकं घातलं की काम झालं. डिचोलीकडच्या एका विद्यार्थिनीने मात्र घरातलीच गोष्ट उचलली: खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून रात्री चालत जाणारा उजेड.

ही गोष्ट गावागणिक थोडी बदलते, पण सांगाडा एकच. खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, त्यात पाणी आत-बाहेर सोडणारं दार, म्हणजे मानस, आणि मध्यरात्रीनंतर बांधावरून जाणारा राखणदार, म्हणजे देवचार. खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दिवटी. पूर्वी तो शेतकऱ्याला दिसायचा. हल्ली तो हॉटेलातली ड्यूटी संपवून स्कूटरने परतणाऱ्या पोराला दिसतो, आणि उजेड म्हणे स्कूटरच्या वेगाने सोबत चालतो.

पहिल्या रफ स्केचमध्ये तिने सुळे, लाल डोळे, सगळं काढलं होतं. आजीने ते बघून नाक मुरडलं. “हा कोण? देवचार कुणाला खायला येत नाही गो.”

“मग तो दिसतो कसा, आजी?”

“दिसतो कुठे? उजेड दिसतो.”

माझ्या मते अख्ख्या पोस्टरचं डिझाइन याच उत्तरात होतं. पाहणाऱ्याला फक्त एक ठिपका दिसतो. घोंगडी, काठी आणि चाल त्याचा मेंदू पुरवतो. मग चित्रकाराने नेमकं किती काढायचं आणि किती सोडायचं? याचं उत्तर देण्यासाठी दृष्टिविज्ञानाकडे दीडदोनशे वर्षांचं भांडवल आहे.

रंगापासून सुरुवात करू. तिने बांधाचा मातकट रंग घेतला आणि तो नुसता गडद केला. चित्र रात्रीचं दिसेना, मळलेल्या दुपारचं दिसू लागलं. आपल्या दृष्टिपटलावर साधारण 60 लाख शंकुपेशी असतात आणि 12 कोटींच्या आसपास दंडपेशी. रंग शंकुपेशी ओळखतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. अंधारात काम दंडपेशींकडे जातं. त्यांना रंग कळत नाही आणि त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर-हिरव्या पट्ट्यात असते. लाल प्रकाश त्यांच्या लेखी जवळजवळ नसतोच. म्हणून तिन्हीसांजेला जास्वंद काळी पडते आणि पानं मात्र उजळ वाटतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं होतं. तिने मातीतला लाल काढून टाकला, सगळं निळसर राखाडीकडे नेलं आणि खारफुटीच्या पानांच्या रेघाही पुसल्या, कारण दंडपेशींना बारकावे दिसत नाहीत. बांधाला लगेच रात्र चढली.

स्कूटरसोबत चालणाऱ्या उजेडाचं गणित सोपं आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना रस्त्याकडेचा माड झपकन मागे पडतो. एक किलोमीटरवरचा दिवा मात्र सेकंदाला जेमतेम अर्धा-पाऊण अंश सरकतो. जवळचं सगळं मागे पळतंय आणि हा एकटा जागेवर, म्हणजे तो आपल्याबरोबरच येत असणार, असा मेंदूचा हिशेब. टाइमलाइनवर तिने माडांचा लेयर भरधाव सोडला, खारफुटीचा सावकाश, आणि दिवटीचा जवळपास खिळवून ठेवला. मूळ कथा सांगणाऱ्याचं निरीक्षण अचूक होतं, एवढंच यातून दिसतं.

ज्वाळेने मात्र तिचा घाम काढला. चित्रपटाला सेकंदाला 24 फ्रेम लागतात, पण हाताने चित्रं काढणारे बहुधा प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. चालणं, वळणं, घोंगडी उडणं यांना तेवढी पुरतात. दिवटी तशीच काढली तर ती कापडाच्या चिंधीसारखी फडफडते. गरम वायू वर चढताना कडेची थंड हवा आत ओढतो, त्यातून भोवरे सुटतात आणि ज्वाळा ठरावीक तालात फुगते-आकसते. हा ताल बुडाच्या रुंदीवर ठरतो: मीटरमधल्या रुंदीच्या वर्गमुळाने 1.5 ला भागलं की सेकंदाला किती वेळा फुगणार ते ढोबळपणे मिळतं. दहा सेंटिमीटर रुंदीच्या दिवटीला ते येतं पाचच्या आसपास. म्हणजे बारा चित्रांत एका फुगण्याच्या वाट्याला अडीच चित्रंही येत नाहीत. त्यात फुगणं आणि आकसणं दाखवणार कसं? शेवटी एकट्या ज्वाळेसाठी तिने 24 वेगळी चित्रं काढली आणि बाकी सगळं 12 वर ठेवलं. होळीचा मोठा जाळ याउलट संथ उसळतो, कारण त्याचं बूड रुंद. जाळ लहान काढायचा असेल तर तो नुसता आकाराने कमी करून भागत नाही, त्याचा तालही वाढवावा लागतो.

(दलदलीतला मिथेन पेटतो आणि तोच हा उजेड, असं स्पष्टीकरण कुणीतरी देतंच. खाजनाच्या चिखलातून मिथेन निघतो हे खरं, पण त्याला आपोआप पेट घ्यायला 500 अंश सेल्सियसहून अधिक तापमान लागतं. मिथेनचं नाव घेतलं म्हणून कोडं सुटत नाही.)

आता चाल. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ॲनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा आहे. माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कमरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर मिळून बारा ठिपके चमकत ठेवायचे, बाकी अंधार. तो माणूस स्थिर असला तर पाहणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. चालू लागला की सेकंदाच्या पाचव्या भागात ‘अरे, माणूस!’ हे कळतं. चेहरा, कपडे, बाह्यरेषा, कशाचीही गरज पडत नाही.

तिने हे ठिपके काढून एकेक कमी करून पाहिले. खांदे गेले, कोपर गेले, तरी माणूस टिकला. पायांचे ठिपके पुसले आणि सगळं कोसळलं. ट्रोये आणि वेस्टहॉफ या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की चालणारा कोणत्या दिशेला निघालाय हे आपण मुख्यतः पावलांच्या हालचालीवरून ओळखतो, इतर ठिपके विस्कटून टाकले तरी. पाऊल जमिनीलगत मागे सरकतं, मग उचलून झोकात पुढे पडतं. या लयीत गुरुत्वाकर्षण दिसतं आणि तेवढ्यावर डोळा जिवंत प्राणी ओळखतो.

राखणदाराच्या वहाणा इथे कामी आल्या. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यातही राखणदाराचा आणि पायताणांचा संबंध ठिकठिकाणी आहे. न दिसणाऱ्याची चाल झिजलेल्या तळव्यावरून ओळखायची, ही कल्पना मला योहानसनच्या ठिपक्यांइतकीच हुशार वाटते. तिच्या पोस्टरात मग दिवटीच्या उजेडात फक्त वहाणांच्या कडा उमटतात, गुडघ्याच्या वर काळोख. नेहमीच्या चालीत एका पावलाला 12 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 120 पावलं होतात. त्या चालीने देवचार ऑफिसला उशीर झालेल्या माणसासारखा दिसत होता. 20 फ्रेमवर, मिनिटाला 72 पावलांवर, तो राखण करू लागला.

एवढं झाल्यावर प्रदर्शनासाठी छापील पोस्टर राहिलं होतं, आणि कागद हलणार कसा? तिने पोस्टरच्या काळ्या भागात, दिवटीच्या जागी, टाचणीएवढं भोक पाडलं आणि मागे एक मंद एलईडी लावला. खोलीत मिट्ट काळोख केला. न हलणारा तो ठिपका थोड्या वेळाने तरंगू लागला.

अंधारात एकटा ठिपका भटकताना दिसतो हे जुनं निरीक्षण आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टला 1799 मध्ये तेनेरीफ बेटावरून तारे डोलताना दिसले आणि ते खरंच हलताहेत असं त्याला वाटलं होतं. आपले डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात. आसपास काठ, खिडकी, झाड असलं की मेंदू ही थरथर वजा करतो. आधाराला काहीच नसलं की हालचाल ठिपक्याच्या नावावर जमा होऊ शकते. आधार दिसताक्षणी भास संपतो. साध्या एलसीडी पडद्यावर हा खेळ साधत नाही तो म्हणूनच: त्याचा काळा भागही मागच्या दिव्याने किंचित उजळतो आणि चौकट दिसते. मोबाइलवरच्या आवृत्तीत तिला दिवटी हलवावी लागली, कागदावर नाही.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरिफ यांनी 1935 मध्ये याच भासावर प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत पाच मीटरवर स्थिर ठिपका दोन-दोन सेकंद दाखवायचा आणि तो किती हलला ते विचारायचं. एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. मंडळी एकत्र बसून मोठ्याने सांगू लागली की आकडे हळूहळू जवळ येतात, आणि पुढे एकटं बसवलं तरी माणूस गटाचाच आकडा धरून राहतो. 1961 मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी गटात आधी आपलीच पढवलेली माणसं बसवली. ती भरमसाट आकडे सांगायची. मग त्यांना एकेक करून उठवून नवखी माणसं आणली. पढवलेला शेवटचा माणूस गेल्यावरही फुगवलेला आकडा नवख्यांच्या चार-पाच पिढ्या टिकला, नंतर विरला.

प्रयोगशाळेतली दंतकथा विरते आणि बांधावरची टिकते, याचं कारण मला तरी बांधातच दिसतं. मानशीवर रात्री एकट्याने जाणं धोक्याचं असतं, ओहोटी-भरतीची वेळ पाळावी लागते आणि बांध फुटला तर खारं पाणी अख्ख्या वाडीच्या शेतात शिरतं. तिथे कुणीतरी राखण करतोय, ही गोष्ट उपयोगाची आहे. खोलीतल्या ठिपक्याला असा कुणी धनी नव्हता.

प्रदर्शनात तिने लोकांना जोडीजोडीने आत सोडलं. बाहेर आल्यावर बहुतेक जोड्यांचं उजेड कुठल्या बाजूला गेला यावर एकमत असायचं, पण एका जोडीचं दुसरीशी जुळत नसे. भोकामागे नुसता एलईडी आहे हे परीक्षकांना कळलं, तेव्हा त्यांनी ॲनिमेशनची फाइल मागितली, आणि तिने बॅटरी काढून हातावर ठेवली.