कॉक्स, आर्चिबाल्ड

(१७ मे १९१२–२९ मे २००४). अमेरिकन विधिज्ञ, कामगार कायद्याचे प्राध्यापक, सॉलिसिटर जनरल आणि वॉटरगेट प्रकरणातील पहिले विशेष अभियोक्ता. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या ध्वनिफिती मागितल्या म्हणून नोकरी गेलेला वकील, अशी त्यांची जगभर ओळख आहे. ते पद त्यांच्याकडे जेमतेम पाच महिने होते, वकिली व अध्यापन मात्र त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ केले.

जन्म न्यू जर्सी राज्यातील प्लेनफिल्ड येथे. वकिली घरातच होती. आईकडून पणजोबा असलेल्या विल्यम एव्हर्ट्स यांनी १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा महाभियोगात बचाव केला होता. कॉक्स यांनी हार्वर्डमधून १९३४ मध्ये पदवी व १९३७ मध्ये कायद्याची पदवी घेतली. नंतर न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या हाताखाली उमेदवारी, बॉस्टनमध्ये वकिली आणि युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये सरकारी सेवा करून १९४५ मध्ये ते हार्वर्डला शिकवू लागले. कामगार कायदा हा त्यांचा खास विषय. १९५२ मध्ये ते वेतन स्थिरीकरण मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळाने खाणकामगारांच्या पगारवाढीला लावलेली कात्री राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी परस्पर रद्द करताच त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. अधिकार द्यायचा आणि वापरला की मागे घ्यायचा, हा प्रकार त्यांनी तेव्हाच खपवून घेतला नव्हता.

सिनेटर जॉन केनेडी यांना ते कामगार कायद्याबाबत सल्ला देत. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६१ ते १९६५ या काळात कॉक्स सॉलिसिटर जनरल, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे मुख्य वकील होते. निव्वळ वकील म्हणून त्यांचे सर्वांत भरीव काम या चार वर्षांतले म्हणावे लागेल. मतदारसंघांच्या आखणीत न्यायालय लक्ष घालू शकते, हे बेकर विरुद्ध कार (१९६२) या खटल्यात ठरले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची बाजूही अटलांटातील मोटेलच्या खटल्यात त्यांनीच लढवली. स्वभावाने ते सावध होते. न्यायालयाने एका झेपेत फार पुढे जाऊ नये असे त्यांना वाटे आणि ‘एका व्यक्तीला एक मत’ (म्हणजे मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असावी) हे तत्त्व सरसकट लागू करण्याबद्दल ते कचरत होते. न्यायालय मात्र त्यांच्या पुढे गेले. पुढे ज्यांना निक्सन यांच्या गोटाने केनेडींचा हस्तक ठरवले, ते कॉक्स असे मोजूनमापून पाऊल टाकणारे होते.

१७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी करणारे पकडले गेले. १९७३ च्या वसंतात तपासाचे धागे थेट व्हाइट हाउसपर्यंत पोहोचले. नवे ॲटर्नी जनरल म्हणून एलियट रिचर्डसन यांच्या नावाला मंजुरी देण्यापूर्वी सिनेटने स्वतंत्र अभियोक्त्याची हमी मागितली. इतरांनी नकार दिल्यावर रिचर्डसन यांनी आपल्या हार्वर्डच्या या जुन्या शिक्षकांना गाठले. नेमणुकीच्या अटीत कळीचे कलम एकच होते: असाधारण गैरवर्तनाखेरीज अभियोक्त्याला काढता येणार नाही. पण ही अट नियमात होती, कायद्यात नव्हती. शपथविधीला केनेडी कुटुंबीय हजर राहिले, हे तर निक्सन यांच्या समर्थकांच्या पथ्यावरच पडले.

१६ जुलैला अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेट समितीसमोर सांगितले, की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असतात. आठवडाभरात कॉक्स यांनी नऊ संभाषणांच्या फिती हजर करण्याचा आदेश बजावला. निक्सन यांनी कार्यकारी विशेषाधिकार, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची अंतर्गत संभाषणे गुप्त ठेवण्याचा हक्क, पुढे केला, पण न्यायाधीश जॉन सिरिका यांनी फिती आपल्याकडे सादर करण्यास सांगितले आणि १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयानेही ५ विरुद्ध २ मतांनी तेच कायम केले. सर्वोच्च न्यायालयात न जाता निक्सन यांनी तडजोड पुढे केली. फिती वयोवृद्ध सिनेटर जॉन स्टेनिस ऐकतील, त्यांनी पडताळलेला गोषवारा मिळेल आणि कॉक्स पुन्हा फिती वा टिपणे मागणार नाहीत. स्टेनिस यांना नीट ऐकू येत नसे, यावर तेव्हा बरेच टोमणे मारले गेले. खरी मेख शेवटच्या अटीत होती, कारण ती मान्य केली असती तर तपास तिथेच संपला असता.

२० ऑक्टोबर १९७३, शनिवार. दुपारी एक वाजता नॅशनल प्रेस क्लबमध्ये कॉक्स पत्रकारांसमोर आले. बारीक कापलेले केस, गळ्यात बो टाय. सकाळच्या एका वर्तमानपत्राने त्यांना बंडखोर ठरवले होते. आपल्याला तसे मुळीच वाटत नाही, उलट आपण स्वतःला फार मोठे तर समजू लागलो नाही ना, याचीच चिंता वाटते, असे त्यांनी सुरुवातीला सांगितले. राष्ट्राध्यक्षांना खाली खेचण्याचा आपला हेतू नाही, हेही स्पष्ट केले. मग वर्गात शिकवावे तसा त्यांनी साऱ्या प्रकरणाचा कायदेशीर उलगडा केला. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना दिसले ते संकोची मास्तर. सरकारी प्रचाराने रंगवलेला सूडाने पेटलेला माणूस त्यांत कुठेच नव्हता.

त्याच दिवशी निक्सन यांनी कॉक्स यांना काढण्याचा हुकूम दिला. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडले. तिसऱ्या क्रमांकावर होते सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क, म्हणजे कॉक्स यांच्याच जुन्या खुर्चीत बसलेले. त्यांनी पत्रावर सही केली. रात्री साडेआठच्या सुमारास व्हाइट हाउसने बातमी जाहीर केली आणि एफबीआयच्या माणसांनी अभियोक्त्याच्या कार्यालयाचा ताबा घेतला. कॉक्स यांनी दिलेले निवेदन एका वाक्याचे होते. हे राज्य कायद्याचे राहणार की माणसांचे, हे आता काँग्रेसने आणि अखेर अमेरिकन जनतेने ठरवायचे आहे, असा त्याचा आशय. ‘शनिवारची कत्तल’ हे त्या रात्रीला पडलेले नाव.

काँग्रेस सदस्यांवर निषेधाच्या तारांचा भडिमार झाला. तीन दिवसांत निक्सन फिती देण्यास कबूल झाले आणि महिनाअखेरीस प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने महाभियोगाच्या चौकशीची तयारी चालवली. १ नोव्हेंबरला नेमलेल्या लिऑन जवॉर्स्की यांनी कॉक्स यांचेच सहकारी कायम ठेवून काम पुढे नेले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्याने मागितलेल्या फितींबाबत ८ विरुद्ध ० असा निर्णय निक्सन यांच्या विरोधात दिला आणि ९ ऑगस्टला त्यांनी पद सोडले. कॉक्स यांची बडतर्फी बेकायदा होती, असा निवाडा जिल्हा न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्येच दिला होता, पण कॉक्स परत पदावर आले नाहीत.

नंतर त्यांनी प्रवेशातील वंशाधारित राखीव जागांबाबतच्या बकी खटल्यात (१९७८) कॅलिफोर्निया विद्यापीठाची बाजू मांडली. न्यायालयाने राखीव जागा नाकारल्या, तरी प्रवेशात वंशाचा विचार करण्याला वाव ठेवला. १९८० ते १९९२ ते कॉमन कॉज या स्वच्छ कारभारासाठी झटणाऱ्या नागरी संस्थेचे अध्यक्ष होते. २००१ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे नागरिक पदक मिळाले. मेन राज्यातील ब्रूक्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले. सिनेटच्या वॉटरगेट समितीचे मुख्य वकील सॅम्युएल डॅश हेही त्याच दिवशी वारले.

अभियोक्त्याचे संरक्षण १९७८ मध्ये कायद्यात आले आणि मॉरिसन विरुद्ध ओल्सन (१९८८) या खटल्यात न्यायालयाने ते वैध ठरवले. १९९९ मध्ये कायद्याची मुदत संपली तेव्हा दोन्ही पक्षांना तो नकोसा झाला होता. त्यानंतर न्यायखात्याच्या नियमांवरच काम चालते. २०१७ मध्ये अमेरिकी निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीसाठी रॉबर्ट म्युलर यांची नेमणूक त्यानुसारच झाली, आणि अभियोक्त्याला योग्य कारण असल्यासच काढता येईल, ही अट आज पुन्हा केवळ नियमातच आहे.