‘यल्ला’च्या पुढे काय बोलायचं? अरबी माणसाला बेत सुचवण्यासाठी रोजची वाक्यं

आखाती देशांत कामाला निघालेल्या आणि तिथे आधीच असलेल्या आमच्या वर्गाच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. विषय एकच : ‘चला, चहाला जाऊ या’, ‘मीटिंग उद्यावर ढकलू या का?’, ‘शुक्रवारी भेटू या’ ही वाक्यं अरबीत नीट कशी म्हणायची. मुख्य भर दोहा, दुबई, मस्कत, कुवेत, रियाध इथल्या बोलीवर आहे. इजिप्शियन आणि लेबनानी, सीरियन सहकारी बहुतेक ऑफिसांत असतातच, म्हणून त्यांच्या बोलीतले फरकही जागोजागी दिले आहेत.

वाचण्याआधी लिपीबद्दल थोडं. ’ ही खूण म्हणजे ‘ऐन’ हे अक्षर, घसा आवळून काढायचा आवाज. ख़ आणि ग़ घशात घासून येतात. आपला ‘ख’ म्हटला तरी समजून घेतात, पण शक्यतो हवा अडवू नका, घासून सोडा. ह़ हा खोल, कोरडा ‘ह’, थंडीत हातांवर फुंकर मारताना येतो तसा.

सगळा खेळ एका ‘न’चा

साइटवर आणि दुकानांत मोडकी अरबी कानावर पडते, ती बहुतेक वेळा हुकूम सोडणारी असते. त्यातूनच ‘यल्ला रूह’ उचललं जातं. ‘यल्ला’ म्हणजे ‘चल’, ‘रूह’ म्हणजे ‘जा’. त्यामुळे ‘यल्ला रूह’ म्हटलं की समोरच्याला ‘चल, नीघ इथून’ असं ऐकू येतं. तुम्हाला म्हणायचं असतं ‘चल, जाऊ या’. त्यासाठी क्रियापदाच्या आधी ‘न’ लावायचा : यल्ला नरूह.

मराठीतलं ‘-ऊ या’ शेवटी येतं, अरबीतला ‘न’ सुरुवातीला. जाऊ या : नरूह. पिऊ या : नश्रब. खाऊ या : नाकिल. बसू या : नजलिस. बघू या : नशूफ. बाहेर पडू या : नितल’अ. भेटू या : नितलागा. दुपारचं जेवू या : नितग़द्दा. रात्रीचं जेवू या : नित’अश्शा. पुढे ढकलू या : नअज्जिल. ही दहा पाठ झाली की रोजचे बहुतेक बेत सुचवता येतात.

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक म्हणजे ‘न’च्याही आधी काहीतरी जोडणं. आखातात ‘बनरूह’ म्हणजे ‘आम्ही जाणार आहोत’, ती घोषणा झाली. कैरोच्या बोलीत ‘हनरूह’चा अर्थ तोच. लेबनान-सीरियाकडे ‘मनरूह’ म्हणजे ‘आम्ही जातो’. सुचवताना यांतलं काहीही लावायचं नाही. यल्ला, ख़ल्लिना, श-रायक (अर्थ पुढे दिले आहेत) या शब्दांनंतर क्रियापद मोकळंच हवं. ‘यल्ला बनरूह’ कळतं, पण ऐकणारा क्षणभर थांबतो, कारण हा सुचवतोय की सांगतोय ते त्याला उमगत नाही.

दुसरी चूक ‘निमशी’ची. पुस्तकात या धातूचा अर्थ ‘चालणं’ दिलेला असतो. पण ‘यल्ला निमशी’ म्हणजे ‘चला, निघू या’. यजमानाच्या घरी जेवण झाल्यावर जरा पाय मोकळे करावेत म्हणून तुम्ही हे म्हणालात, तर तो तुमच्या चपला पुढे करेल. फेरफटका हवा असेल तर नतमश्शा. ‘ख़ल्लिना नतमश्शा शुवय्य’ म्हणजे ‘थोडं फिरून येऊ या’.

मराठीत ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत गल्लत होत नाही. अरबीत दोन्हींना एकच ‘नरूह’. चार सहकाऱ्यांसमोर तुम्ही मित्राकडे बघून ‘नरूह नित’अश्शा’ म्हणालात, तर बाकीच्यांना आपण धरलेलो आहोत की नाही हे कळत नाही. सगळ्यांना न्यायचं असेल तर शेवटी ‘सवा’ जोडा, म्हणजे ‘सगळे मिळून’. इजिप्शियन मंडळींशी बोलताना ‘म’अ ब’अद’ म्हणा.

वाक्याची सुरुवात कुणाशी कशी करायची

जोर किती द्यायचा ते पहिला शब्द ठरवतो.

यल्ला : सगळे आधीच तयार आहेत, फक्त हलायचं बाकी आहे, अशा वेळी. साहेबांना किंवा पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला ‘यल्ला’ने सुरुवात करून बेत सुचवू नये, घाई केल्यासारखं होतं. निरोप घेताना, फोन ठेवतानाही ‘यल्ला’ म्हणतात, तेव्हा लगेच उठून उभं राहू नका.

ख़ल्लिना (आखातात बरेचदा ख़ल्लना किंवा नुसतं ख़ल) : ‘यल्ला’पेक्षा मऊ. ‘ख़ल्लिना नजलिस हिना’, इथे बसू या. आम्ही नवख्यांना आधी हाच शब्द शिकवतो, कारण तो मोरोक्को-ट्युनिशियाकडचा भाग सोडला तर जवळजवळ सगळीकडे चालतो आणि कुणाला खटकत नाही.

श-रायक : ‘तुला काय वाटतं?’ सगळ्यांत सभ्य आणि रोजच्या वापरात सगळ्यांत उपयोगी. ‘श-रायक नरूह बुकरा?’, उद्या जाऊ या का? जेद्दाहकडे ‘एश रायक’, रियाधकडे ‘विश रायक’, कैरोत ‘एह रअ्यक’, बैरूत-दमास्कसकडे ‘शू रअ्यक’. समोर बाई असेल तर आखातात शेवटी ‘च’ येतो : श-रायिच (‘चहा’तला च, ‘चमचा’तला नव्हे). इजिप्शियन किंवा लेबनानी बाईला ‘रअ्यिक’. बाईला पुरुषी ‘-क’ लावणं ही मराठी माणसाची नेहमीची चूक, कारण आपल्या ‘तुला’मध्ये बाई-पुरुष भेद नाही.

लेश मा : ‘का नाही?’ ‘लेश मा नरूह इल-यौम?’, आजच का जाऊ नये? मित्रांतच वापरा.

मुमकिन : परवानगीचा सूर. ‘मुमकिन नअज्जिल इल-इजतिमा’अ?’, बैठक पुढे ढकलता येईल का? वरिष्ठांशी हाच शब्द.

‘तुम्ही’ची सोय अरबीत वेगळी आहे. अनेकवचनी ‘श-रायकुम’ म्हटलं की गटालाही चालतं आणि एकट्या वडीलधाऱ्यालाही मान मिळतो. त्याहून चांगलं म्हणजे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारणं. मुलाचं नाव ख़ालिद असेल तर बापाला ‘या बू ख़ालिद’, आईला ‘या उम्म ख़ालिद’. इजिप्शियन वरिष्ठाला ‘हद्रितक’, बाई असल्यास ‘हद्रितिक’.

‘हय्या बिना’ हे पुस्तकातलं ‘चला’ दुकानात किंवा गाडीत म्हणू नका. ते बातम्या आणि डब केलेल्या कार्टूनमधलं वाटतं. ईमेलमध्ये मात्र पुस्तकी अरबीच शोभते : ‘मा रअ्युकुम अन नज्तमि’अ यौम अल-अहद?’, रविवारी बैठक घेऊ या का? किंवा ‘अक्तरिह़ अन नज्तमि’अ…’, माझी सूचना अशी, की आपण भेटावं…

वेळ ठरवताना बेत फिसकटतो तो असा

बेत मोडतात ते बहुधा वाक्यरचनेमुळे नव्हे, वेळेमुळे. इथे सावकाश वाचा.

संध्याकाळच्या भेटी घड्याळापेक्षा नमाजाच्या वेळेवर ठरतात. ब’अद इल-’असर म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर, ब’अद इल-मग़रिब म्हणजे सूर्यास्तानंतर, ब’अद इल-’इशा म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर. या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात. हिवाळ्यात ‘मग़रिबनंतर’ म्हणजे पाच-साडेपाच, उन्हाळ्यात सातच्या आसपास. त्या दिवशीची वेळ फोनवर बघून घ्या आणि ती उलट विचारून पक्की करा : ‘य’अनी अस-सा’अ सब’अ?’, म्हणजे सात वाजता ना?

’असर आणि ’अशर यांत फक्त स-शचा फरक. ’असर म्हणजे दुपारनंतरची नमाज, ’अशर म्हणजे दहा. ‘स’च्या जागी ‘श’ गेला की माणूस चारऐवजी रात्री दहाला येतो. तसंच सब’अ (सात) आणि तिस’अ (नऊ) फोनवर सारखे ऐकू येतात. आकडा नेहमी दोनदा म्हणा, नाहीतर टाइप करून पाठवा. अरबी लोक मेसेजमध्ये लॅटिन अक्षरांत लिहितात तेव्हा 3 हा आकडा ऐनसाठी, 7 ह़ साठी आणि 5 ख़ साठी वापरतात. शब्दाच्या मध्येच 3 दिसला तर ती वेळ नाही, अक्षर आहे.

आता सगळ्यांत मोठा सापळा. ‘शुक्रवारी रात्री’चं शब्दशः भाषांतर ‘लेलत इल-जुम’अ’ होतं, पण त्याचा रूढ अर्थ गुरुवारची रात्र. जुन्या हिशेबात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते. तुम्हाला शुक्रवार संपतानाची रात्र हवी असेल तर ‘यौम इल-जुम’अ बिल-लेल’ म्हणा, तारीखही जोडा.

सुट्टीचे दिवसही देशागणिक बदलतात. सौदी, कतार, कुवेत, बहरीन, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी 2022 पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, तर शारजाहच्या सरकारी कचेऱ्या शुक्रवार ते रविवार बंद असतात. शुक्रवारी दुपारी कुठेही भेट सुचवू नका, ती जुम्म्याच्या नमाजाची वेळ आहे. रमजानमध्ये दिवसा खाण्यापिण्याचा बेत नकोच. तेव्हा ‘ब’अद इल-फ़तूर’ (उपास सोडल्यानंतर) किंवा ‘ब’अद इत-तरावीह़’ (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजानंतर) म्हणा.

उत्तर ओळखा

होकार असा येतो : तमाम, ज़ेन (आखातात), तय्यिब, ‘फ़िकरा ह़िलवा’ (छान कल्पना). सौदी माणूस ‘अब्शिर’ म्हणाला तर काम झालंच समजा.

‘माशी’ला जपा. इजिप्शियन आणि लेबनानी माणसाचा ‘माशी’ म्हणजे ‘ठीक आहे’. अमिराती आणि ओमानी बोलीत ‘मा शी’ म्हणजे ‘नाही, काही नाही’. बोलणारा कुठला, हे बघून अर्थ लावा.

नकार थेट येत नाही, आणि या बाबतीत मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. ‘नशूफ’ म्हणजे आपलं ‘बघू’, अगदी त्याच सुरात. ‘इन शा अल्ला’पाठोपाठ वेळ आणि जागा आली तर होकार, नुसतंच म्हणून विषय बदलला तर बहुधा नाही. ‘ख़ल्लीहा मर्रा थान्या’, पुन्हा कधीतरी, हा सभ्य नकार. तेव्हा कारण विचारत बसू नका, ‘मा फ़ी मुश्किला’ म्हणून सोडून द्या. तुम्हालाच नकार द्यायचा असेल तर ‘वल्ला मशग़ूल’ (बाई असल्यास मशग़ूला), खरंच कामात आहे, एवढं पुरतं.

पैसे कोण देणार, हे क्रियापदात ठरतं. ‘ख़ल्लिना नित’अश्शा’ ही सूचना आहे. ‘अ’ज़िमक ’अल-’अशा’ म्हटलं की ते आमंत्रण झालं आणि बिल तुमचं. पगार व्हायच्या आधीच्या आठवड्यात हे दुसरं वाक्य सांभाळून वापरा. उलट बाजूने, जेवताना दिसलेला माणूस ‘तफ़द्दल’ (या, बसा) म्हणतो तो शिष्टाचार असतो. अशा तोंडदेखल्या बोलावण्याला इजिप्तमध्ये ‘’अज़ूमा मराक्बिय्या’ म्हणतात : नावाड्याने नदीच्या मधून काठावरच्या माणसाला दिलेलं जेवणाचं आमंत्रण. एकदा ‘शुक्रन’ म्हणून नाही म्हणा. दोन-तीनदा आग्रह झाला तरच बसा.

एक संवाद, दोह्यातला

– या बू ख़ालिद, इंत फ़ाज़ी ब’अद इल-मग़रिब? (मग़रिबनंतर मोकळे आहात का?)
– वल्ला मशग़ूल शुवय्य. लेश? (जरा कामात आहे. का बरं?)
– श-रायक नरूह सूक वाकिफ, नश्रब करक? (सूक वाकिफ बाजारात जाऊन करक चहा घेऊ या का?)
– ख़ल्लीहा ब’अद इल-’इशा. (इशानंतर ठेवू या.)
– ज़ेन. अस-सा’अ थमान व नुस्स? (ठीक. साडेआठला?)
– तमाम, इन शा अल्ला.

पहिल्या ओळीत जागा नाही, बेतही नाही, फक्त माणूस मोकळा आहे का एवढंच विचारलंय. त्यामुळे त्याला नाही म्हणायला वाट राहते. ‘ख़ल्लीहा’ इथे नकार नाही, कारण पाठोपाठ नवी वेळ आली. आणि ‘करक’ मागताना ‘ड’ म्हणू नका. आपल्या कडक चहाचंच ते नाव, पण अरबीत ‘ड’ नाही.

मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबियाकडच्या सहकाऱ्यांशी बोलताना एवढंच लक्षात ठेवा : तिथे ‘न’ म्हणजे ‘मी’. ‘नमशी’ म्हणजे ‘मी जातो’, ‘जाऊ या’साठी शेवटी ‘ऊ’ लागतो : नमशीऊ.

सरावासाठी रोज एक खरा बेत घ्या आणि तो तीन सुरांत म्हणा : मित्राला ‘यल्ला’ने, सहकाऱ्याला ‘श-रायक’ने, साहेबांना ‘मुमकिन’ने. प्रत्येकाला वार आणि वेळ जोडा. फोनवर रेकॉर्ड करून पुढच्या तासाला आणा. ऐन, ह़ आणि स-श आम्ही तिथेच तपासून देतो.