लॅपटॉपचा पासवर्ड आणि आतल्या फाइली

‘लॅपटॉपला पासवर्ड आहे, म्हणजे चोरीला गेला तरी फाइली कुणी उघडू शकत नाही,’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं वाटणं साहजिकच आहे. पण तो पासवर्ड विचारतं विंडोज. चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की हे विंडोज सुरूच होत नाही, मग विचारणार कोण? फाइली सरळ वाचता येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यातली माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदललेली असेल, तरच किल्लीशिवाय काही हाती लागत नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का पाहा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हेच काम बिटलॉकर करतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायची राखीव किल्ली, त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका (बरेच जण ठेवतात!). घरी कागदावर लिहून ठेवलेली उत्तम.