एकट्याने घाटात: ताम्हिणीने उतरा, वरंध्याने चढा

(गाडीची चावी घेण्याआधी एकदा वाचून घ्यावं)

आमच्याकडे भाड्याने, स्वतः चालवायला द्यायच्या पाच गाड्या आहेत. शनिवार-रविवारी त्या कुटुंबकबिल्यासकट बाहेर पडतात. मंगळवार-बुधवारी मात्र हमखास कुणीतरी एकटंच येतं. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. "कुठे निघालात?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "असंच, घाटात जाऊन येतो." 'येते' म्हणणाऱ्याही कमी नाहीत. पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या टपरीएवढ्या ऑफिसात त्यांना उभ्या उभ्या जे सांगतो, ते लिहून काढलं आहे.

पहिली गोष्ट. गाडीत चौघं असले की तिघं दरी बघतात आणि एक जण रस्ता. एकट्या माणसाला दोन्ही बघायचं असतं, आणि वळणावर ते एका वेळी जमत नाही. म्हणून आमचं सांगणं सरळ आहे: गाडी चालू असताना डोंगर बघायचाच नाही. जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, खाली उतरा आणि पोटभर बघा. दहा ठिकाणी थांबलात तरी दिवस पुरतो, फक्त सकाळी सहाला निघा. हा सगळा फेरा साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरचा आहे. नुसतं चालवायलाच सात-आठ तास लागतात.

फेरा असा: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण, ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर, माणगाव. मग मुंबई-गोवा महामार्गाने महाड. तिथून बिरवाडी, वरंध, वरंधा घाट, भोर, कापूरहोळ आणि बंगळुरू महामार्गाने घरी.

उलटा का नको, असं बरेच जण विचारतात. ताम्हिणीचा रस्ता त्यातल्या त्यात रुंद, वळणं ऐसपैस. वरंधा अरुंद आणि वळणं आवळ. अनोळखी गाडीने आवळ घाट चढणं सोपं, उतरणं अवघड. शिवाय दिवस मावळताना तुम्ही भोरच्या पुढे, दिव्यांच्या मोठ्या रस्त्यावर असता. उलटे आलात तर तोच अंधार मुळशीच्या काठावर गाठतो आणि वर भूगावची संध्याकाळची कोंडी.

डिझेल-पेट्रोल पिरंगुटलाच पूर्ण भरून घ्या. पुढे घाट उतरेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका.

पहिला थांबा मुळशीच्या पाण्याशी

सकाळी पाण्यावर धुकं असतं. जरा वेळ उभे राहा, कारण हे पाणी साधं नाही. हे मुळा नदीचं पाणी. आपल्या वाटेने गेलं असतं तर पुण्यावरून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचलं असतं. टाटांनी इथे धरण बांधून ते उलट्या बाजूला वळवलं. कड्यावरून ते खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, तिथून कुंडलिकेत आणि मग अरबी समुद्रात. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. या धरणाखाली ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह केला. धरण झालंच. काठावर चहा पिताना एवढं माहीत असावं, म्हणून लिहिलं.

पुढे रस्ता दाट झाडीत शिरतो. हे अभयारण्य आहे, हॉर्न बेताने वाजवा. झाडीत शेकरू दिसलं तर नशीब. ते बघायलाही आधी गाडी कडेला घ्या, मग मान वर करा.

घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर फोडला आहे, तिथे कातळ नीट बघा. एकावर एक आडवे काळे थर दिसतात, पुरणपोळीची चवड ठेवावी तसे. मधूनच एखादा विटकरी रंगाचा पट्टा असतो. लाव्हाचा एक थर थंड होऊन वरवर त्याची माती होऊ लागली, तेवढ्यात दुसरा लाव्हा वरून वाहत आला आणि ती माती भाजून निघाली. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही भट्टी. बोट लावून बघा, लाल पूड हाताला लागते. मात्र पावसाळ्यात आणि पावसानंतर महिनाभर कातळाला टेकून उभं राहू नका, वरून दगड सुटतात.

उतारावर ब्रेक आणि गिअर

हा भाग कृपया दोनदा वाचा. आमच्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरा. बहुतेक ठिकाणी तिसरा, आवळ वळणाला दुसरा. इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. ब्रेक लागलाच तर थोडा वेळ घट्ट दाबा आणि सोडून द्या. पाय सतत हलका टेकवून ठेवू नका. तसं केलं की ब्रेकपॅड आणि डिस्क तापत जातात, पॅड घासतात पण धरत नाहीत. फारच तापलं तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. न्यूट्रलमध्ये तर उतरूच नका. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना हात जोडून विनंती: पेट्रोल वाचेल दहा रुपयांचं, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही दगडासारखे जड होतील.

आमच्या दोन गाड्या ऑटोमॅटिक, एएमटी आहेत. 'डी'मध्ये ठेवून उतरलात तर गाडी आपल्या मनाने वरचा गिअर टाकते आणि पळू लागते. लिव्हर 'एम'ला घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्यात धरून ठेवा.

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेलं नाही. धंदा सुरू केला त्या वर्षी मी स्वतः जुनी वॅगन आर घेऊन हाच घाट उतरलो, पाय ब्रेकवर ठेवूनच. विळ्याच्या अलीकडे जळक्या रबरासारखा वास आला, पुढच्या चाकातून धूर निघाला. घाबरून बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतलं. चर्र झालं आणि डिस्क वाकडी झाली. पुण्यापर्यंत प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरत होतं. तर, वास आला की सपाट जागा बघून थांबा, अर्धा तास गाडीला गार होऊ द्या, पाणी ओतू नका. हँडब्रेकही ओढू नका, तापलेल्या चाकाला तो चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून कडेला टाका. मागून दुचाकीवाले येत असतात.

माणगाव, महाड आणि जेवण

माणगावात गाडी मुंग्यांच्या रांगेत अडकते. महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, त्यावर आम्ही काय बोलणार. वेळ धरूनच चला.

महाडच्या अलीकडे महामार्गावरूनच गांधारपाल्याची लेणी डोंगरात दिसतात. महाड गावात शिरून चवदार तळ्यावर जाऊन यावं, असं आमचं मत आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे ओंजळीने पाणी घेतलं, ते तळं बाजारपेठेच्या गर्दीत आहे. गाडी लांब लावून चालत गेलात तर बरं. रायगड मात्र या फेऱ्यात कोंबू नका. तो वेगळ्या दिवसाचा, आणि खरं तर वेगळ्या पायांचा कार्यक्रम आहे.

जेवण माणगाव-महाडच्या पट्ट्यात होतं आणि इथेच घात होतो. सुरमईची थाळी, वर दोन वाढप भात, सोलकढी, आणि बाहेर कोकणातली दुपार. शेजारी बोलायला कुणी नसलं की डोळे मिटायला किलोमीटरही लागत नाही. मासे खा, भात जपून. झोप आलीच तर सावलीत गाडी लावा, काचा खाली करा आणि वीस मिनिटं झोपा. बंद गाडीत एसी चालू ठेवून झोपू नका.

वरंधा

बिरवाडीनंतर रहदारी विरळ होते. वाटेत शिवथरघळीचा फाटा लागतो. समर्थ रामदासांची घळ आणि शेजारी धबधबा. जायचं तर तास-दीड तास जास्तीचा धरा, आणि दुपारचे तीन वाजून गेले असतील तर सोडून द्या.

माझेरीनंतर चढ सुरू होतो. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरू नका. थांबलात तर हँडब्रेक लावा आणि हँडब्रेकवरूनच उचला. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. म्हणजे इथे हक्क तुमचा. पण समोर एसटी असेल तर हक्क बाजूला ठेवा आणि कडेला व्हा. ड्रायव्हर रोजचा असतो, तो हाताने खूण करतो.

वर रस्ता कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातूनच काढलेला आहे. वाघजाईच्या देवळाजवळ भजीच्या टपऱ्या आहेत. कांदाभजी, चहा आणि खाली पूर्ण कोकण पसरलेलं. आम्हाला विचाराल तर फेऱ्यातली सगळ्यात चांगली जागा हीच. काचा पूर्ण वर करून उतरा. माकडं आमच्या एका गाडीतून चष्म्याच्या केसासकट ग्राहकाचा चष्मा घेऊन गेली, आणि त्या ग्राहकाला पुढे बिनचष्म्याचं चालवता येईना. रात्री साडेआठला मी दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन तिथे गेलो. तेव्हापासून जाड नंबर असलेल्यांना जादा चष्मा घ्यायला सांगतो.

पुढे नीरा-देवघरचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. संध्याकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि समोरचे डोंगर उजळतात. भोर ओलांडलं की नीरेने गळ्यातल्या हारासारखं वळण घेतलं आहे, त्याला लोक नेकलेस पॉइंट म्हणतात. हा शेवटचा थांबा.

कधी जाऊ नये

जून ते सप्टेंबर या फेऱ्यासाठी आम्ही गाडी देत नाही. वरंधा पावसाळ्यात बहुतेक वेळा प्रशासनच बंद ठेवतं, आणि त्याला कारण आहे: जुलै २०२१ मध्ये याच महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. पावसाळ्यात नुसत्या मुळशी-ताम्हिणीपर्यंत जाऊन यायचं असेल तर इशारा बघून ठरवू. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सुरुवातीला सोनकीची शेवटची पिवळी फुलं मिळतात, शेवटी पांगारा-काटेसावर फुलायला लागते. इतर महिन्यांतही निघायच्या आदल्या दिवशी वरंधा चालू आहे का, हे आम्हाला विचारा. बंद असेल तर माणगावहून आलात तसे ताम्हिणीनेच परत फिरा, पण मग दुपारी दोनच्या आत.

एकटे आहात म्हणून

गाडी ताब्यात देताना आम्ही प्रत्येक एकट्या ग्राहकाकडून एका चाकाचे बोल्ट ढिले करून घेतो. लोक हसतात, पण करतात. बोल्ट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असताना, जॅक त्यानंतर. पान्यावर पाय देऊन उभं राहिलात तरी चालतं, हाताने जोर पुरत नाही. स्टेपनी, जॅक आणि लाल त्रिकोण डिकीत कुठे आहे ते तेव्हाच बघून घ्या.

दोन्ही घाटांत फोनला रेंज जाते. नकाशा घरीच डाउनलोड करा. घरच्या कुणाला तरी "माणगावला पोचलो की फोन करतो, भोरला पोचलो की करतो" असं सांगून ठेवा आणि खरंच करा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आमचा नंबर किल्लीच्या बिल्ल्यावर आहे. गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ती भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीची अधिकृत खूण आहे. पोलिसांनी थांबवलं तर डॅशबोर्डमधली फाइल दाखवा.

शेवटचा उतार घाटात नाही, पुण्यात आहे. नवा कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार लागतो आणि तिथे वारंवार अपघात होतात. कारण तेच, तापलेले ब्रेक आणि न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक. दिवसभर दोन घाट करून आलेल्या माणसाला हा रस्ता सपाट वाटतो. डाव्या बाजूने, तिसऱ्या गिअरमध्ये, मागच्या आरशावर नजर ठेवून या.

रात्री दहापर्यंत ऑफिस उघडं आहे. उशीर झाला तर गाडी समोरच्या गल्लीत लावा आणि चावी शेजारच्या मेडिकलवाल्या काकांकडे द्या. ते अकरापर्यंत असतात. भजीचे तेलकट कागद तेवढे सीटखालून काढा.