अमली पदार्थांचे सेवन आणि आत्महत्येचा धोका (सोलापूर)

अमली पदार्थ घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ते सुमारे 14 पट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातील 1,70,924 आत्महत्यांपैकी 6.8 टक्क्यांमागे अमली पदार्थ वा दारूचे व्यसन हे कारण आहे. खरा वाटा याहून मोठा असणार. व्यसनापायी झालेली भांडणे ‘कौटुंबिक कारणां’त मोडतात, आणि जादा मात्रेने गेलेल्याचा हेतू न कळल्यास तो मृत्यू अपघाती ठरतो.

नशा चढलेली असताना धोका असतोच, पण ती उतरताना आणि सोडताना तो अनेकदा वाढतो. मेफेड्रोन (एमडी) या उत्तेजक पदार्थाची नशा उतरल्यावर काही दिवस झोप उडते, संशय व टोकाची उदासी येते. अफूजन्य पदार्थ सुटल्यावर शरीराची सवय मोडते, मग पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरते. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचा पहिला महिना सर्वांत नाजूक. नेमके तेव्हाच घरचे ‘सुटला एकदाचा’ म्हणून निर्धास्त होतात.

विचारायचे ते थेट: ‘जगणं नको वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलली जाते. हे प्रश्न घरच्याच भाषेत विचारावेत. मालकाकडची उचल, सावकाराचे देणे, पोलीस केस यांचीही चौकशी करावी. ठरवले असल्याचे उत्तर आले, तर त्याला एकटे सोडू नये.

खोलीत कोंडणे किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद करणे हे घरगुती उपाय घातक आहेत. अशा गोळ्या अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते; डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. औषधे नातेवाइकाच्या ताब्यात, एका वेळी थोड्याच दिवसांची असावीत. शेतीची कीटकनाशके घरात ठेवू नयेत.

तातडीला 108, मानसिक आधारासाठी टेलिमानस 14416 (मोफत, चोवीस तास), व्यसनमुक्तीसाठी 14446. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातही उपचारासाठी जाता येते. गुन्ह्याच्या भीतीने रुग्ण लपवला जातो, ते अनाठायी आहे: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून सहसा तिला शिक्षा होत नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याचे कलम 64अ संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.